मुलींसाठी

झुलालने कुलपात किल्ली घातली, दोनदा हिसका दिला आणि खांदा लावून लोखंडी दार आत ढकललं. व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या झुंबरबाईने मान वळवली. शाळेच्या आवारात कडुनिंबाखाली स्लॅबचं ते एकुलतं पक्कं बांधकाम होतं आणि त्याच्या निळ्या दारावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'मुलींसाठी'. चौथीपर्यंत शिकलेल्या झुंबरबाईला तेवढं वाचता येत होतं. तिला वाटलं, कुणा पोरीला जायचं असेल.

पण कोणी पोर आत गेली नाही. उलट आतून टीव्ही बाहेर आला.

झुलाल शिपाई आणि गिरधर न्हावी असे दोघे तो दोन्ही बाजूंनी धरून, पाय मोजत निघाले होते. टीव्हीवर लाल मखमलीचं झालर लावलेलं झाकण होतं. पाठोपाठ हेडमास्तर मोतीलाल सर आले. त्यांनी व्हिडिओचं यंत्र लहान लेकरासारखं छातीशी धरलं होतं. दाराबाहेर त्यांच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या. त्यांनी त्या पायानेच चाचपल्या, घातल्या आणि झुलालला म्हणाले,

"जपून. पायरी आहे."

आवारात जमलेल्या बायकांमध्ये कुजबुज झाली. पोरं टीव्हीमागे पळत वर्गाकडे गेली. झुंबरबाई मात्र उलट्या दिशेला चालत कडुनिंबाखाली गेली आणि तिने उघड्या दारातून आत डोकावलं.

आत घाण नव्हती. भिंतींना पांढऱ्या फरशा होत्या आणि त्या आजच बसवल्यासारख्या चकाकत होत्या. संडासाच्या भांड्यावर फळी टाकलेली होती, फळीवर कापड, कापडावर कॅसेटी रचलेल्या. भिंतीवरच्या खिळ्याला सरस्वतीची तसबीर टांगलेली होती. तिच्याखाली फरशीवरच हळदीकुंकवाची बोटं उमटली होती आणि खोबणीत खोचलेली उदबत्ती अजून जळत होती. फिनेलचा आणि उदबत्तीचा मिळून एक गोड वास येत होता. झुंबरबाईला त्या वासाची किळस आली. आजवर तिने उकिरडे उपसले होते, गोठे काढले होते, मेलेली शेळी ओढत गावाबाहेर नेऊन टाकली होती. पण असं कधी झालं नव्हतं. तिने पदर तोंडावर धरला आणि ती मागे फिरली.

ती आज शाळेत आली होती ती टीव्हीसाठी नाही. तिची मोठी पोर वैजंता सातवीत होती. गेल्या महिन्यात वैजंताला दोनदा ताप आला. ती ओटीपोट धरून बसायची आणि लघवीला जायचं म्हटलं की रडायची. चिंचझिरीत दवाखाना नव्हता. झुंबरबाई तिला शेजारच्या गावी उपकेंद्रावर घेऊन गेली. तिथल्या नर्सबाईने पोरीला चार प्रश्न विचारले आणि आईकडे वळून म्हणाली, "पोर पाणी पीत नाही. दिवसभर कोंडून धरते. असंच चाललं तर मूत्रपिंडावर जाईल."

येताना वाटेत, केळीच्या बागांमधून चालताना, झुंबरबाईने विचारलं होतं,

"पानी का बरं पेत नही व तू?"

वैजंता खाली बघत चालत होती. ती म्हणाली,

"प्यायनं म्हंजे जावं लागस."

"मंग जावानं."

"नालावर वीटभट्टीना मानसं बसतस, माय. देखतस."

शाळेत पोरींसाठी बांधलेलं आहे, हे तिला माहीत होतं. तिथे बांधकाम चाललं होतं तेव्हा तिनेच रेतीची घमेली वाहिली होती. मग पोरी नाल्यावर का जातात, हे विचारायला म्हणून ती आज बागेतलं काम अर्ध्यावर सोडून आली होती.

सहावी-सातवीच्या वर्गांमधली फळ्यांची भिंत काढून एक मोठा वर्ग केला होता. पुढे टेबलावर टीव्ही, टीव्हीला हार. टेबलामागे कापडी फलक होता: 'पालक-शाळा संपर्क उपक्रम'. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. सरपंच अभिमन आबा खुर्चीवर. उरलेलं सगळं गाव सतरंज्यांवर. दोन वर्षांपूर्वी पालक सभेला बोलावलं की पाच-सहा माणसं यायची आणि तीही अर्ध्या वाटेवरून कुठेतरी वळायची. आता खिडक्यांमध्येसुद्धा माणसं होती. आधी शिक्षणाची कॅसेट लागायची आणि तिच्यानंतर देवादिकांचा एखादा पिक्चर. पिक्चर बघायचा तर आधीपासून बसावं लागे, कारण कॅसेट सुरू झाली की मोतीलाल सर वर्गाचं दार लावून घेत. युक्ती त्यांची स्वतःची होती. तिच्यावर जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात छापूनही आलं होतं.

त्या दिवशीची कॅसेट मुलींच्या शिक्षणाची होती. इस्त्रीची साडी नेसलेली एक बाई खेड्यातल्या दुसऱ्या एका बाईला समजावत होती. दुसरी बाईही इस्त्रीचीच साडी नेसलेली होती. "ताई, मुलगी शाळेतून का गळते, याचा पालकांनी विचार केला पाहिजे," पहिली म्हणाली. मग तिने बोटांवर मोजत कारणं सांगितली. त्यातलं एक कारण असं होतं की शाळेत मुलींसाठी वेगळी सोय नसते. ती सोय आहे की नाही, हे पालकांनी शाळेत जाऊन पाहावं, असं ती बाई थेट समोर बघत म्हणाली. झुंबरबाईने आजूबाजूला पाहिलं. कोणी ऐकत नव्हतं. कमलबाई दातात अडकलेलं काहीतरी काढत होती. ताईबाई मांडीवरचं पोर झोपवत होती. सगळ्या पुढच्या पिक्चरसाठी बूड टेकवून बसल्या होत्या.

कॅसेट संपली. मोतीलाल सर उभे राहिले. गोरे, टापटीप, खिशाला पेन. त्यांचा आवाज चांगला होता आणि ते त्यांना ठाऊक होतं.

"पालक बंधू-भगिनींनो, विज्ञानाने शाळा आणि घर जोडलं. आज आपलं गाव जिल्ह्यात पुढे आहे. कोणाच्या काही शंका असतील तर मोकळ्या मनाने विचारा. शाळा आपली आहे."

असं ते दर वेळी म्हणत आणि दर वेळी कोणी काही विचारत नसे. त्यामुळे वाक्य संपता संपताच त्यांनी दुसरी कॅसेट हातात घेतली होती.

"सर, माले इचारानं शे," झुंबरबाई उभी राहिली.

"बोला, बोला ताई."

"तुमनं ते संडासना दारवर लिखेल शे मुलींसाठी. मंग पोरी नालावर का बरं जातस?"

पुरुषांच्या बाजूने कोणीतरी खुदकन हसलं आणि ते हसू सतरंजीभर पसरलं. बायकाही पदर तोंडात धरून हसल्या. झुंबरबाईचा नवरा भटू मागच्या भिंतीशी बसला होता. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिला.

मोतीलाल सर हसले नाहीत. ते समजूतदार माणूस होते.

"ताई, ही बायकांची बाब आहे. ती आपण सुनंदाबाईंशी खासगीत बोला. आणि अडचण अशी आहे की या वर्गांच्या खिडक्यांना गज नाहीत, छप्पर कौलांचं आहे. गेल्या वर्षी दोन पंखे चोरीला गेले. गावाची एवढी मोलाची वस्तू ठेवायची कुठे? शेवटी ती आपल्याच सर्वांसाठी आहे."

"बरोबर शे," कोणीतरी म्हणालं.

"लावा मास्तर पिच्चर," अभिमन आबा खुर्चीतून म्हणाले. "लाईट जाई नहीतर."

पिक्चर लागला. झुंबरबाई थोडा वेळ तशीच उभी राहिली. मागच्या बायकांनी "बस ना व" म्हणून तिचं लुगडं ओढलं तेव्हा ती बाहेर पडली.

सुनंदाबाई शाळेतल्या एकट्या बाई शिक्षिका. रोज चोपड्याहून एसटीने येत. त्या दिवशी फाट्यावर त्या बसची वाट बघत उभ्या होत्या. झुंबरबाईने त्यांना गाठलं. काही विचारायच्या आधीच सुनंदाबाई म्हणाल्या,

"वैजंताच्या आई, मी काय करू? किल्ली सरांकडे असते."

"तुम्ही कोठे जातस, बाई?"

सुनंदाबाईंनी पर्सचा बंद एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"मी सकाळी चहा घेत नाही," त्या म्हणाल्या. "पाणीही नाही. घरी गेल्यावर पिते."

बस आली. पायरीवर चढता चढता सुनंदाबाई वळल्या. "थोडे दिवस थांबा. जिल्ह्याहून पाहणीला मॅडम येणार आहेत. शूटिंग होणार आहे. तेवढं होऊन जाऊ द्या, मग मी सरांना सांगून बघते." मग कंडक्टरने घंटी मारली.

चार दिवसांनी मोतीलाल सर स्वतः झुंबरबाईच्या घरी आले.

भटूने धावत जाऊन शेजारून खुर्ची आणली. झुंबरबाईने चुलीवर चहा ठेवला. सरांनी घराकडे, ओट्यावर वाळत घातलेल्या मिरच्यांकडे, दाराआड उभ्या असलेल्या वैजंताकडे कौतुकाने पाहिलं. "हुशार पोरगी आहे," ते म्हणाले. मग बशीत चहा ओतून, फुंकर मारून, भुरके घेत त्यांनी विषय काढला. मॅडम येणार. व्हिडिओ शूटिंग होणार. ते मुंबईपर्यंत दाखवणार. त्यात एका मातेने बोलायचं आहे. गावात धीटपणे बोलणारी बाई एकच.

"एकच वाक्य म्हणायचं. 'टीव्हीमुळे आम्हाला शाळेची ओढ लागली आणि मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व कळलं.' बस. वैजंताला आपण पुढच्या रांगेत बसवू. शिष्यवृत्तीला तिचं नाव पाठवायचंच आहे."

"मंग संडासनं?" झुंबरबाई चुलीपाशी बसून म्हणाली.

"होईल, होईल. सगळं होईल. आधी शाळेचं नाव होऊ द्या."

त्यांनी दुसरा कप मागून घेतला. तो संपवून बशी खाली ठेवली, उठले आणि "आलोच" म्हणून घराच्या बाजूला गेले. मागच्या कुडाच्या भिंतीवर धार पडल्याचा आवाज आत स्पष्ट ऐकू आला. भिंतीच्या अलीकडे पाण्याचे माठ मांडलेले होते. वैजंताने मान खाली घातली. तो आवाज बराच वेळ चालला. चहा दोन कप झाला होता. मग सर धोतराचा सोगा झटकत, गाणं गुणगुणत पुढच्या बाजूला आले, भटूच्या पाठीवर हात ठेवून दोन शब्द बोलले आणि निघून गेले.

झुंबरबाईने त्यांचा कप आणि बशी उचलली. राखेने घासली, धुतली. पुन्हा राख घेतली आणि पुन्हा घासली.

"हेडमास्तर सोता घर उनात," भटू म्हणाला, "आनि तू तोंड वाकडं करस? एक वाक्य बोली टाक ना व. आबानी बी सांगं माले."

भटू आबांच्याच बागेत कामाला होता. तीही. आबांनी सांगितलं म्हणजे काय, ते दोघांनाही समजत होतं. झुंबरबाईने हातातली बशी उपडी ठेवली.

"बोलसू," ती म्हणाली.

मॅडम आल्या त्या दिवशी मुलींना सकाळी लवकर बोलावलं होतं. स्वागतगीताच्या तालमी झाल्या. आवारात पाणी मारलं, चुन्याच्या रेघा आखल्या. जीप यायला दुपार झाली. जळगावपासून चिंचझिरीचा रस्ता, शेवटचे काही मैल तर नुसती खडी. मॅडम उतरल्या तेव्हा त्यांचा चेहरा ओढलेला होता. नारळ झाला, गुच्छ झाला, गीत झालं. लग्नांची शूटिंग करणारा रुपचंद फोटोवाला खांद्यावर कॅमेरा घेऊन सगळ्यांच्या पुढे पुढे करत होता.

गीत संपताच मॅडमनी सुनंदाबाईंना जवळ बोलावलं आणि कानात काहीतरी विचारलं. सुनंदाबाईंनी मोतीलाल सरांकडे पाहिलं. सरांना समजायला एक क्षण लागला. मग त्यांनी झुलालकडे पाहिलं आणि डोळ्यांनी कडुनिंबाकडे खूण केली.

झुलाल पळाला. टीव्ही तर वर्गात मांडलेलाच होता. उरलेल्या कॅसेटी बाहेर आल्या, कापड आलं, फळी आली. ती त्याने झाडाला टेकवून ठेवली. पाण्याची बादली आत गेली. सरांच्या टेबलाच्या खणातून नवा साबण निघाला, त्याच्यावरचा कागद तिथेच फाडला गेला. स्वच्छ टॉवेल मिळाला. शेवटी झुलाल सरस्वतीची तसबीर काखेत मारून बाजूला उभा राहिला आणि मॅडम आत गेल्या.

आवारात घातलेल्या सतरंज्यांवर सगळं गाव होतं. सगळेच दुसरीकडे बघत होते. आबा घड्याळाला किल्ली देत होते.

मॅडम हात पुसत बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला होता.

"काय हो सर," त्या मोकळेपणाने म्हणाल्या, "खेड्यातल्या शाळेत इतकं स्वच्छ मी कुठेच पाहिलं नाही! मुली वापरतात असं वाटतच नाही."

"सवय लावली आहे, मॅडम," सर म्हणाले.

"याचं शूटिंग घ्या. दारावरची पाटी नीट येऊ द्या." रुपचंदने कॅमेरा दारावर रोखला. सुनंदाबाई आपल्या चपलांकडे बघत उभ्या होत्या. झुंबरबाईच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. थुंकायला जागा नव्हती. तिने ते गिळलं.

मग तिचा नंबर आला. तिला सतरंजीच्या पुढच्या बाजूला उभं केलं. ठेवणीतलं लुगडं, भटूने आणलेल्या नव्या बांगड्या. रुपचंदने बांबूला बांधलेला दिवा लावला. इतका झगझगीत की तिला समोरची माणसं दिसेनाशी झाली.

"हं. बोला ताई."

डोळे सरावले तशी तिला आधी पुढची रांग दिसली. लाल रिबिनी बांधलेल्या मुली. मधोमध वैजंता, सरांनी कबूल केल्याप्रमाणे. सकाळपासून बसलेली. तिने एका गुडघ्यावर दुसरा गुडघा दाबून धरला होता आणि दोन्ही हातांच्या मुठी मांडीत खुपसल्या होत्या. ती आईकडे बघत नव्हती. तिचं लक्ष कुठेच नव्हतं. ओठांभोवती घाम आला होता.

"टीव्हीमुळे..." मोतीलाल सर हळूच म्हणाले.

झुंबरबाई दिव्यासमोरून बाजूला झाली, पुढच्या रांगेपाशी गेली आणि पोरीच्या दंडाला धरलं.

"ऊठ."

"माय..."

"ऊठ म्हणनू ना."

तिने पोरीला आवारातून चालवत नेलं. भटूने मागून एकदा "ए!" म्हटलं. निळं दार अजून उघडं होतं. आत बादलीत अर्धं पाणी होतं.

"मझार जाय. मी आठेच बसस."

वैजंता आत गेली. झुंबरबाईने दार ओढून घेतलं आणि पायरीवर, दाराला पाठ लावून बसली. ठेवणीतलं लुगडं मातीत पसरलं. तिने कोणाकडे पाहिलं नाही. समोर चुन्याची रेघ होती, तिच्यावर मुंगळे चालले होते, ते ती बघत बसली.

मॅडम काही न सुचून हसल्या. मोतीलाल सरही हसले. ते काहीतरी बोलणार, इतक्यात पुढच्या रांगेतून दुसरी एक मुलगी उठली. ती अभिमन आबांची नात होती. सहावीतली. आजोबांच्या खुर्चीसमोरून ती मान खाली घालून भराभर चालत कडुनिंबापाशी गेली आणि झुंबरबाईशेजारी उभी राहिली. आबांचा हात घड्याळावरच राहिला. तिच्यामागे तिसरी उठली. मग एकदम पाच-सहा. लाल रिबिनींची रांग झाडापासून व्हरांड्यापर्यंत आली.

सुनंदाबाईंनी हातातला गुच्छ खुर्चीवर ठेवला, बादली उचलली आणि हौदावरून पाणी आणलं. पुन्हा आणलं. कार्यक्रम थांबला होता आणि थांबला आहे असं कोणी म्हणत नव्हतं. सगळ्या मुलींचं होऊन गेल्यावर सुनंदाबाईंनी पर्स खांद्यावरून काढली, झुंबरबाईच्या मांडीवर ठेवली आणि त्याही आत गेल्या.

"केवढी शिस्त!" मॅडम म्हणाल्या. "अगदी रांगेत." त्यांची नजर झाडाला टेकवलेल्या फळीवर गेली, तिच्याशेजारी रचलेल्या कॅसेटींवर, मग काखेत सरस्वती घेऊन उभ्या असलेल्या झुलालवर. तिथे ती जरा रेंगाळली. मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि पुढच्या गावाला उशीर होत असल्याचं सांगितलं.

जीप गेली. माणसं पांगली. झुलालने आणि गिरधरने सवयीने टीव्ही उचलला आणि निळ्या दारापर्यंत आणला. तिथे दोघे थबकले. खाली फरशी ओली होती. पायांचे मातीचे ठसे होते, भांड्याभोवती पाणी साचलं होतं आणि आता आत वास होता, संडासात असतो तो.

"सर, कसा ठेवू? बठ्ठं ओलं शे. धुई टाकू का?"

मोतीलाल सर दारापाशी आले. या वेळी त्यांनी चपला काढल्या नाहीत. त्यांनी आत वाकून पाहिलं आणि खिशातला रुमाल काढून नाकावर धरला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, वरचा ओठ मुरडला, गळ्याची घाटी वरखाली झाली.

"धुऊन काय होतंय?" रुमालातून ते म्हणाले. "पूजा केलेली वस्तू. आता इथे? शी!"

झुंबरबाई पायरीवरून उठून लुगडं झटकत होती. तिने त्यांचा चेहरा पाहिला. डोळे भरून पाहिला. मग वैजंताचा हात धरून ती घरी गेली.

टीव्ही त्याच संध्याकाळी बैलगाडीतून अभिमन आबांच्या घरी गेला. पक्कं घर, खिडक्यांना गज, वस्तू सुरक्षित. कुलूपही कडी-कोयंड्यासकट त्याच्याबरोबर गेलं. तिथे कोणी बसायचं, कोणी नाही, हे आबांच्या घरची माणसं ठरवू लागली. मजूरआळीतल्या बायकांना ओट्याच्या खालूनच परत पाठवलं जाई. "तुनामुळे पिच्चर गया," कमलबाईने नळावर तोंडावर सांगितलं आणि आपली कळशी पुढे सरकवली. आबांच्या बागेतून झुंबरबाईला कामाचं बोलावणं येईना, तशी ती दुसऱ्या गावच्या बागेत केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापायला जाऊ लागली, पहाटे निघून. भटू आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. मग एके दिवशी त्याने आपण होऊन वैजंताच्या डोक्यावर हात ठेवला आणि बरं वाटतंय का, म्हणून विचारलं. तेवढंच.

निळ्या दाराला आता कडीही उरली नव्हती. पोरी एकमेकींसाठी बाहेरून दार धरून उभ्या राहत. फिनेल संपलं, ते परत आलं नाही. झुलाल म्हणे, माझं काम घंटा द्यायचं. हौद दुपारनंतर कोरडा पडे. पंधरा दिवसांत फरशा पिवळ्या पडल्या आणि माश्या झाल्या. व्हरांड्यात बसलेल्या मास्तरांना वारा फिरला की नाकाला रुमाल लावावा लागे. त्यांच्यातला एकजण म्हणालाही, कुलूप होतं तेच बरं होतं.

महिन्याच्या शेवटी पालक सभेचा दिवस आला. फळ्यांची भिंत नेहमीप्रमाणे काढली, सतरंज्या घातल्या, कापडी फलक लावला. टेबल मोकळं होतं. झुलालने घंटा दिली. मोतीलाल सर खुर्चीवर बसून राहिले. सुनंदाबाई फळ्यापाशी उभ्या. दुपार कलली. सतरंजीवर एक कुत्रं येऊन बसलं, त्याला झुलालने हाकललं.

दुसऱ्या गावच्या बागेतून झुंबरबाई तडक आली होती. लुगड्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. दाराशी तिने पाय पुसले आणि ती आत आली.

सरांनी तिला पाहिलं आणि सुनंदाबाईंना म्हणाले,

"लिहा. पालक उपस्थित नसल्याने सभा रद्द."

सुनंदाबाईंनी काही लिहिलं नाही.

"मी शे ना," झुंबरबाई म्हणाली आणि समोर बसली. "माले इचारानं शे. हौदनं पानीनं. आनि संडास झाडाले कोन येई ते."

मोतीलाल सरांनी तिच्या डोक्यावरून फाटकाकडे पाहिलं, आणखी कोणी येतंय का म्हणून. रस्ता लांबपर्यंत मोकळा होता.